श्वासबाईंची तोफ

या शहरात असा माणूस विरळा, ज्याने श्वासबाईंच्या हुकमावरून एकदा तरी श्वास रोखून धरलेला नाही. मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याखालून डावीकडे वळलं की एक्स-रेचा विभाग लागतो. तिथे बाई. "छाती पाटीला टेकवा. हनुवटी वर. खांदे पुढे. अजून पुढे, लाजू नका. श्वास घ्या. रोखा." मग त्या काचेमागे जायच्या, टिक्क असा आवाज व्हायचा, आणि हुकूम सुटायचा, "सोडा." बडा व्यापारी असो की हमाल, बाईंनी 'सोडा' म्हटल्याशिवाय कुणाची श्वास सोडायची छाती होत नसे. त्यामुळे बाईंचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं आणि गाव त्यांना श्वासबाई म्हणू लागलं.

बाई भांडखोर होत्या असं मी म्हणणार नाही. आपण होऊन त्या कुणाच्या वाटेला जात नसत. पण त्यांना कुणी 'हे तुमचं काम नव्हे' असं म्हटलं की संपलं. मग ते काम त्यांचंच. लग्नानंतर त्यांच्या वन्सं, म्हणजे मोठ्या नणंदबाई, सहज म्हणाल्या होत्या की बायकांना काही स्कूटर जमत नाही बाई. पंधरवड्यात श्वासबाई वन्संना मागे बसवून बाजारात घेऊन गेल्या, आणि वन्सं घरी आल्यावर बराच वेळ बोलल्या नाहीत. वन्संच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

तर अशा बाईंच्या घरात एक सोफा होता. त्याचा मधला भाग इतका खचला होता की पाहुणा बसला की गुडघे हनुवटीला लागायचे आणि उठवायला दुसरा माणूस लागायचा. नवा सोफा घ्यायचं ठरलं. रंगसुद्धा ठरला. भिंतीला मापं लावून झाली. आणि ज्या दिवशी सोफा यायचा, त्या दिवशी बाई दारात उभ्या राहिल्या त्या हातात एक लांबलचक काळी पेटी घेऊन.

"सोफा कुठाय?" वन्संनी विचारलं. त्या मागच्याच गल्लीत राहत आणि असल्या प्रसंगाला कधी चुकत नसत.

"हा काय," म्हणून बाईंनी पेटी उघडली. आतून निघाली एक लेन्स. दंडाएवढी लांब, डब्याएवढी रुंद, आणि उचलायला चांगल्या बाळसेदार पोराएवढी जड.

"अगं बाई, तोफ आणलीस की काय!" वन्सं म्हणाल्या आणि धक्क्याने त्याच जुन्या सोफ्यावर बसल्या. त्यांना वर काढेपर्यंत लेन्सचं बारसं होऊन गेलं होतं.

बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर अडकलेल्या लोकांना धीर देण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे ते सहसा घाबरत नसत. त्यांनी तोफ हातात घेतली, तोलून बघितली आणि एवढंच विचारलं, "हिच्यातून काय मारायचं?"

"पाणपक्षी."

"मग ठीक आहे. मला वाटलं आमची ताई."

हे सगळं सुरू झालं ते शहराबाहेरच्या जुन्या वीटभट्टीच्या तळ्यापासून. माती काढून काढून झालेला तो खड्डा भट्टी बंद पडल्यावर पाण्याने भरला, कडेने पाणकणसं माजली, आणि कुणी बोलावलं नसताना पक्षी राहायला आले. इस्पितळातून घरी येताना बाई तिथे स्कूटर थांबवायच्या. दिवसभर लोकांच्या बरगड्या बघून शिणलेले डोळे पाण्यावर टाकायच्या. साध्या कॅमेऱ्यात पक्षी म्हणजे नुसता ठिपका यायचा, आणि तो ठिपका बाईंना काही स्वस्थ बसू देईना.

तोफ त्यांना मिळवून दिली फरशीवाल्यांनी. शहरातल्या छायाचित्रकारांच्या मंडळाचे ते अध्यक्ष. फरशांचं मोठं दुकान, आवाज मोठा, मनही तसं मोठंच. स्वतःसाठी नवी, आणखी लांब लेन्स घेतली तेव्हा जुनी त्यांनी दुसऱ्या कुणाला न देता सोफ्याच्या किमतीत बाईंना दिली. "ताई, तुमचा हात हलत नाही. मी बघितलंय. माझा एक्स-रे काढलात तेव्हाच कळलं मला," असं ते म्हणाले होते. बाई हे कधी विसरल्या नाहीत. पुढे जे झालं त्यातही विसरल्या नाहीत, आणि म्हणूनच ते त्यांना जास्त लागलं.

लांब लेन्सचं दुखणं असं, की ती पक्ष्याला जितकं जवळ आणते तितकंच तुमच्या हाताच्या कापण्यालाही मोठं करते. नाडीचा ठोकासुद्धा फोटोत उतरतो. बाईंनी त्यावर आपलाच जुना हुकूम स्वतःला लावला. श्वास घ्या. रोखा. टिक्क. सोडा. चिखलात पालथं पडून त्या हे पुटपुटायच्या, आणि एखादा गुराखी बाजूने गेला तर लांबूनच वळसा घालून जायचा.

पालथं पडण्याचं कारण पुन्हा वेगळं. उभ्याने काढलेल्या फोटोत पाणपक्षी वरून बघितल्यासारखा दिसतो, पायाखालच्या वस्तूसारखा. बाईंना तो डोळ्याला डोळा भिडवून हवा होता. त्यासाठी तोफ पाण्याच्या जेमतेम वर टेकली पाहिजे आणि चिखलात रुतता कामा नये. यजमानांनी दोन दिवस विचार केला, मग स्वयंपाकघरातून एक खोलगट तवा उचलला, त्याच्या मधोमध भोक पाडून लिफ्टचा एक जुना खिट्टा बसवला आणि वर तोफ आवळली. तवा चिखलावरून असा सुळकन सरकायचा की बघत राहावं. फक्त तो तवा वन्संनी भेट दिलेला होता.

"माझा तवा चिखलात!" वन्सं म्हणाल्या.

"तूच म्हणाली होतीस ना, याला काही चिकटत नाही म्हणून," यजमान म्हणाले. "खरंच चिकटत नाही."

अशी दोन-तीन वर्षं गेली. बाईंचे कोपर काळे पडले, रविवारचे कपडे कायमचे मातकट झाले, आणि सोफा आणखी खचला. मंडळात बाई एकट्याच बाई. बाकीचे त्यांना मान द्यायचे, चहा पहिल्यांदा त्यांना द्यायचे, आणि फोटो शेवटी बघायचे. बघितला की म्हणायचे, "छान आहे ताई. पक्षी जरा तिळाएवढा आलाय." कारण बाई जवळ जायच्या नाहीत. पक्ष्याने मान वर केली की त्या थांबायच्या, आणि त्याने मान पुन्हा खाली घातल्याशिवाय तवा पुढे सरकायचा नाही. कधीकधी सबंध सकाळ त्यात जायची.

आणि मग त्यांना टिबुकली सापडली.

टिबुकली म्हणजे पाण्यातला सगळ्यात लहान जीव म्हणावा असा पक्षी. मूठभर अंग, तपकिरी, शेपूट नसल्यासारखीच. जरा चाहूल लागली की बुडकन बुडी मारते आणि भलतीकडे वर येते. मंडळातल्या लोकांना तिचं काही कौतुक नव्हतं. एवढी मोठी लेन्स घ्यायची आणि एवढासा पक्षी काढायचा, म्हणजे त्यांना तो अपमानच वाटायचा. पण या टिबुकलीने पाणकणसांच्या कडेला ओल्या शेवाळ्याचा, कुजक्या काड्यांचा एक ढीग रचला होता. पाण्यावर तरंगणारा. बाईंना आधी वाटलं कचरा आहे. मग त्या कचऱ्यावर टिबुकली चढून बसली.

कणसांमध्ये हातभर रुंदीची एक फट होती. तिच्यातून, लांबून, बाई बघत राहिल्या. त्यांना एक गोष्ट दिसली आणि त्या दिवशी त्या फोटो काढायचंच विसरल्या. टिबुकलीला खायला जायचं होतं. उठायच्या आधी तिने इकडून तिकडून ओलं शेवाळं चोचीने ओढलं आणि अंड्यांवर पसरलं. एक थर, दुसरा थर, कडा नीट दाबल्या. मग गेली. मागे राहिला नुसता कचऱ्याचा ढीग. वरून कावळा गेला, त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. परत आल्यावर तिने पांघरूण काढलं, अंडी मोजल्यासारखं केलं आणि बसली.

बाईंनी हे घरी सांगितलं तेव्हा यजमान म्हणाले, "म्हणजे तुझ्यापेक्षा बरी. तू दोनदा कुलूप न लावता गेली आहेस."

बाई हसल्या. पण त्यांना त्या पक्ष्याबद्दल जे वाटायला लागलं होतं ते हसण्यावारी नेण्यातलं नव्हतं. वर्षानुवर्षं घर बंद करून कामावर जाणाऱ्या बाईला ते शेवाळं ओढणं ओळखीचं वाटलं होतं. या अंड्यांतून पिल्लं बाहेर आली पाहिजेत, एवढंच त्यांना हवं होतं. बाहेर आल्यावर टिबुकली पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. तो फोटो मिळाला तर मिळाला.

मंडळाचं वार्षिक प्रदर्शन तोंडावर होतं आणि विषय होता 'घर'. बैठकीत एकेकाचे फोटो पडद्यावर आले. औषधवाल्यांनी बगळ्यांची वसाहत आणली होती. अध्यक्षांनी स्वतः करकोचे. बाईंचा गेल्या वेळचा फोटो आला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ताईंच्या फोटोत पक्षी शोधणाऱ्याला बक्षीस ठेवा." सगळे हसले. अध्यक्षही हसले.

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी ठरवलं नव्हतं, पण पर्समधून कॅमेऱ्याचं दुसरं कार्ड काढलं आणि पुढे सरकवलं. पडद्यावर टिबुकली आली. ढिगावर बसलेली, डोळा लालसर, पंखावर पाण्याचा एक थेंब. हसणं थांबलं.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "वा, ताई! मागचं लोणी काय आलंय!" लांब लेन्सने मागचं सगळं वितळल्यासारखं धूसर होतं, त्याला मंडळात लोणी म्हणायचे. "कुठे आहे हे?"

"ते नाही सांगणार," बाई म्हणाल्या. घरट्याची जागा सांगायची नाही, हा त्यांचा नियम. पडद्यावर हिरवं-करडं लोणी आणि एका कोपऱ्यात निळसर डाग, एवढंच तर होतं. त्यावरून कुणाला काय कळणार? बाईंनी समाधानाने कार्ड परत पर्समध्ये टाकलं.

इथे बाई चुकल्या. आयुष्यभर धूसर सावल्या बघून हाड कुठे दुखावलंय ते ओळखणारी ही बाई, पण आपल्या फोटोतलं धूसर म्हणजे पुसलं गेलेलं, असं धरून चालली. तो निळा डाग तळ्यापलीकडच्या पंपघराचा होता. त्या पंपघराच्या भिंतीला लागलेली निळी फरशी शहरात दुसरीकडे कुठेच नव्हती, कारण तो रंग कुणी घेईना आणि सगळा माल पडून राहिला होता. कुणाच्या दुकानात? अध्यक्षांच्या. शेवटी त्यांनी तो पंपघरासाठी कसाबसा खपवला होता. कितीही पातळ करून दाखवा, न खपलेला माल दुकानदार जन्मात विसरत नाही.

रविवारी बाई तळ्यावर पोचल्या तर वळणावर गाड्या उभ्या. पाणकणसांशी चार तिपाया, चार लांब लेन्सा, चार टोप्या. सगळ्यात पुढे अध्यक्ष.

"या ताई, या! तुमच्यासाठी जागा धरून ठेवलीय!" ते मनापासून म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की बाईंना आनंद होईल.

बाईंची नजर खाली गेली. हातभर फटीतून चार लेन्सा कशा बघणार? त्यांनी कणसं कापली होती. चांगली दारभर मोकळी जागा केली होती. बागेतली कात्री चिखलात पडली होती आणि तिच्याशेजारी कणसांचा भारा. त्या दारातून ढीग दिसत होता आणि ढिगावर अंडी. उघडी. पांढरी. चाहुलीने टिबुकली अशी उठली होती की तिला पांघरूण घालायला वेळच मिळाला नव्हता.

"ही कणसं कुणी कापली?"

"थोडीशीच कापलीत. केस कापल्यासारखं आहे, परत येतात," अध्यक्ष म्हणाले.

"ती अंड्यांवर का नाही?"

"येईल की. आम्ही तिचीच वाट बघतोय."

"तुम्ही इथे आहात म्हणून ती येत नाही."

"ताई, जरा हळू बोला," औषधवाले कुजबुजले. "पक्षी बुजेल."

बाईंनी तवा खाली ठेवला, तोफ लावली आणि डोळा टेकवला. खोटं कशाला बोला, मोह झाला. इतकं स्वच्छ त्यांना कधीच दिसलं नव्हतं. ना काडी आड, ना पान आड. आता फक्त थांबायचं. ती परत आली, बसली, की असा फोटो मिळेल की पुन्हा कुणी तीळ म्हणणार नाही. बोट बटणावर गेलं. श्वासही घेतला गेला.

मग त्यांनी तोफ जराशी वळवली आणि लांब पाण्यात त्यांना टिबुकली दिसली. ती चोचीत शेवाळ्याचा एक ओला तुकडा धरून फेऱ्या मारत होती. पांघरूण घेऊन निघाली होती आणि दारात माणसं बघून अडली होती. एक फेरी, दुसरी फेरी. तुकडा काही सोडत नव्हती. पंपघराच्या छपरावर कावळा बसला होता आणि अंडी बघायला त्याला लेन्स लागत नव्हती.

बाईंनी श्वास सोडला. उठल्या. तोफ स्कूटरवर नेऊन ठेवली, तिचा पिवळा पट्टा मात्र सोडवून हातात घेतला. परत आल्या, कणसांचा भारा उचलला आणि सरळ चार लेन्सांच्या समोरून पाण्यात उतरल्या.

"ताई! अहो ताई, फ्रेममध्ये येताय!"

"येतेच आहे."

पाणी गुडघ्याच्या वर आलं. ढिगाला हात लागणार नाही इतक्या अंतरावर थांबून बाईंनी कापलेली कणसं एकेक करून चिखलात रोवायला सुरुवात केली. काही उभी राहिली, काही कलंडली. कलंडली ती शेजारच्या कणसांना पिवळ्या पट्ट्याने बांधून टाकली. मागे चौघांचा गलका चालला होता. कावळा छपरावरून उठून कणसांवर येऊन बसला, तेव्हा बाई इस्पितळातल्या ठेवणीतल्या आवाजात अशा ओरडल्या की कावळा तर उडालाच, पण औषधवालेही दचकून मागे सरले. दार बंद झालं. पडद्यासारखं दाट नव्हे, पण लेन्सला वाट मिळणार नाही इतपत.

मग त्या वर आल्या, निथळत, आणि स्कूटरवरची आपली मोठी काळी छत्री आणून, उघडून अध्यक्षांच्या लेन्ससमोर उभ्या राहिल्या.

"ताई, हा काय पोरकटपणा चाललाय?"

"घ्या ना फोटो. माझी पाठ आहे. चांगली भरगच्च आहे, तिळाएवढी नाही."

"मी तुम्हाला लेन्स दिली. हे त्याचं फळ?"

हे बाईंना लागलं. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दिलीत. आणि मी ती डोक्यावर घेऊन नाचले असते आयुष्यभर. पण ती लांबून बघायला दिलीत. जवळ जायचं असतं तर लांब लेन्स कशाला घ्यायची होती? हात घालून अंडीच उचलायची होती." मग आवाज पुन्हा चढला. "तुम्ही हलेपर्यंत मी हलणार नाही. आणि मी आहे तोवर तुम्हाला काही मिळणार नाही. बघा, ऊन चढतंय. पाण्यावर वाफ धरली की तसंही सगळं डुचमळणार. ठरवा."

ते खरंच होतं. ऊन चढलं की लांब लेन्सला पाण्यावरची हवा हलताना दिसते आणि फोटो वाया जातो. चौघांनी थोडा वेळ तोंडं पाडून वाट पाहिली, मग तिपाया मिटल्या. जाताना अध्यक्ष म्हणाले, "मंडळाच्या सभासदांचं काम तुम्ही मोडलंत. माफी मागितलीत तरच प्रदर्शनात जागा राहील."

गाड्या गेल्या. आणि आता बाईंना कळलं की खरा त्रास पुढेच आहे. त्यांनाही जायला हवं होतं. टिबुकलीच्या लेखी अध्यक्ष आणि श्वासबाई यांत काहीच फरक नव्हता. दोघंही माणसं, दोघंही दारात. ती परत आली की नाही, अंडी गार पडली की काय, कावळ्याने साधलं की काय, हे काही न बघता त्यांना पाठ फिरवावी लागली. सबंध वाटेवर त्या रडत स्कूटर चालवत होत्या आणि ओठ आवळून बसल्या होत्या. आपण कुठे चूक केली, हे त्यांना आता कळलं होतं. वर्मी लागलेलं एक हसू आणि तो फोटो बाहेर काढणारा आपला हात, दोन्ही त्यांना डोळ्यांसमोर दिसत होते.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला तो नेमका वन्संनी उचलला. बाई न्हाणीघरात पायाचा चिखल काढत होत्या. यजमानांनी हातवारे करून 'हो म्हण, विषय संपव' असं सुचवायचा प्रयत्न केला, पण वन्सं खचलेल्या सोफ्यात बसल्या होत्या, तिथून त्यांना फक्त छत दिसत होतं.

"माफी?" वन्सं फोनमध्ये म्हणाल्या. "आमच्या वहिनीची? अहो, लग्न होऊन आली तेव्हापासून मी वाट बघतेय. माझी मागितली नाही अजून, तुमची कुठून मागणार? आणि माझा तवा नेऊन बसलीय ती चिखलात, तरी नाही मागितली." जरा थांबून त्या पुढे म्हणाल्या, "आणि काय हो, त्या पाखराचं घर उघडं टाकलंत म्हणे? तुमच्या दुकानाचं शटर कुणी असं उघडं टाकलं तर चालेल?" मग त्यांनी फोन ठेवला आणि ओरडून म्हणाल्या, "वहिनी! तुझी जागा गेली गं प्रदर्शनातली!"

"जाऊ दे," आतून आवाज आला.

"मी पण तेच सांगितलं."

मधले दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. तळ्याच्या त्या काठाला त्या फिरकल्या नाहीत. एक्स-रे काढताना 'रोखा' म्हणून 'सोडा' म्हणायला विसरू लागल्या आणि लोक लाल होऊन खोकू लागले. शेवटी यजमानच म्हणाले, "पलीकडून बघू. पंपघरापासून. तिथून ती आपल्याला काय घाबरणार, आपण तिला तिळाएवढे दिसणार."

पंपघराच्या निळ्या भिंतीला टेकून बाईंनी तोफ लावली. अंतर भलतंच होतं. समोर पाणी, पलीकडे कणसांची रांग, त्या रांगेत एक पिवळी रेघ. तो पट्टा. रोवलेली कणसं वाळून तपकिरी झाली होती, पण उभी होती. पट्ट्याच्या अलीकडे ढीग.

बाईंनी डोळा टेकवला आणि शोधलं. टिबुकली नव्हती. पिल्लं नव्हती. ढिगावर काहीच नव्हतं.

"काय दिसतंय?" यजमानांनी विचारलं.

आयुष्यभर ज्या डोळ्यांनी बरगड्यांमधली पोकळी वाचली होती त्या डोळ्यांनी बाई तो ढीग वाचत होत्या. पांढरं काही दिसत नव्हतं. फुटकी कवचं नव्हती. होतं ते शेवाळं, आणि शेवाळं वाळलेलं नव्हतं. हिरवंगार, ओलं, चमकत होतं. कडा नीट दाबलेल्या.

"काही दिसत नाहीये," बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला. "अहो, काही म्हणजे काही दिसत नाहीये!"

लिफ्टमधून सुटलेल्या माणसांना रडता-हसताना यजमानांनी पुष्कळदा पाहिलं होतं. ते तवा धरून उभे राहिले, हलू नये म्हणून. श्वास घ्या. रोखा. टिक्क. सोडा.

प्रदर्शन वाचनालयाच्या सभागृहात दोन दिवस झालं. बाईंच्या जागी औषधवाल्यांचे बगळे लागले. बाई गेल्या नाहीत. त्यांनी आपला फोटो मोठा करून घेतला, चौकटीत बसवला, आणि एक्स-रे विभागाबाहेर, जिथे बाकावर लोक वाट बघत बसतात, तिथला एक जुना पिवळा पडलेला तक्ता काढून त्या जागी स्वतः खिळा ठोकून लावला. कुणाची परवानगी विचारली नाही. मोठ्या डॉक्टरांनी येता-जाता एकदा बघितलं, कंत्राटदाराने लावला असेल असं समजून पुढे गेले. वाचनालयात दोन दिवसांत येऊन येऊन किती लोक येणार? इथे तर सगळं शहर खोकत येत होतं, आणि प्रत्येकाला आपला नंबर लागेपर्यंत त्या भिंतीकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

लोक बघायचे. पाणी, कणसं, पिवळी दोरी, कचऱ्याचा ढीग. खाली एकच शब्द, 'घर'. मग विचारायचे, "बाई, यात पक्षी कुठाय?"

"नाहीये," बाई सांगायच्या. "हनुवटी वर."

वन्संनीही एकदा येऊन फोटो बघितला. बराच वेळ बघितला. शेवटी म्हणाल्या, "एवढ्यासाठी सोफा गेला होय?" आणि घरी जाताना शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बाईला सांगून गेल्या, की ती दोरी दिसतेय ना, ती आमच्या वहिनीने बांधलीय, पाण्यात उतरून.

आणि एक दिवस नंबर पुकारला तेव्हा बाकावर फरशीवाले बसले होते. उजवा खांदा धरून. नवी, आणखी लांब लेन्स खांद्यावर वाहून वाहून खांद्याने दगा दिला होता. त्यांना दोनदा पुकारावं लागलं, कारण ते फोटोकडे बघत होते. आधी निळ्या कोपऱ्याकडे नजर गेली असणार, पण या फोटोत निळं नव्हतं. त्या भिंतीला तर बाई स्वतःच टेकल्या होत्या. मग पिवळा पट्टा. तोही त्यांच्या ओळखीचा, त्यांच्याच जुन्या लेन्सचा. मग ढीग. ते उठून जवळ गेले. चष्मा वर केला.

"झाकलंय," ते हळूच म्हणाले. त्यांनीही पाण्यावर आयुष्य काढलं होतं, त्यांना ते वाचता आलं. "म्हणजे परत आली होती."

"आली होती," बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "आणि बाहेर गेली होती. दार लावून."

फरशीवाले काहीतरी बोलायला गेले. शब्द जुळवायला लागले. बाईंनी वाट बघितली नाही. "या आत. सदरा काढा. खांदा पाटीला टेकवा. अजून. श्वास घ्या."

त्यांनी घेतला.

"रोखा," बाई म्हणाल्या, सावकाश काचेमागे गेल्या, बटण दाबलं, टिक्क झालं. आणि 'सोडा' म्हणायला त्यांनी त्या दिवशी जरा जास्तच वेळ घेतला.